फेस वाळायच्या आत

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी थोरल्यानं विचारलं, "आजी, दाढीचा ब्रश घ्यायचाय. खऱ्या केसांचा घेऊ की सिंथेटिक?" मी तोंड उघडायच्या आत आजोबा खुर्चीतून उठले आणि पडद्याबाहेर गेले. त्यांना ऐकू आलं नाही असं तुम्हाला वाटलं. त्यांना नीट ऐकू आलं होतं.

या एका प्रश्नावर आमच्या घरात गेल्या वर्षीचा जवळजवळ सगळा पावसाळा गेला. तेव्हा तुम्हाला काही कळवलं नव्हतं, आणि तुमच्या बाबांनाही निम्मंच माहीत आहे. आता ब्रश विकत घ्यायची वेळ तुझ्यावर आलीच आहे, तर उत्तर नीट लिहून द्यावं म्हणून बसले आहे. फोनवर हे मला सांगता आलं नसतं. आजोबा शेजारी बसलेले असताना तर नाहीच.

आजोबांची नोकरी रेल्वेच्या घाटात गेली हे तुम्हाला ठाऊक आहे. गाडी घाट चढायला लागली की मागून जोर लावायला जादा इंजिन जोडतात, ते चालवायचं. ड्यूटी कधी पहाटे, कधी भर दुपारी. पण ती कधीही असो, निघण्याआधी दाढी व्हायचीच. सासूबाई म्हणायच्या, शनिवारी दाढी करू नये, अमावास्येला करू नये. यांनी ते कधीच मानलं नाही. खुंट वाढवून ड्यूटीवर आलेला माणूस पुरता जागा नसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. निवृत्त झाल्यावरही ते बदललं नाही. आंघोळीआधी आरसा, गरम पाण्याचा मग, साबणाची वडी, सेफ्टी रेझर आणि ब्रश.

ब्रश डुकराच्या केसांचा. बाजारातल्या एकाच दुकानातून, एक झिजला की तसाच दुसरा. नवा असताना तो झाडूसारखा राठ असतो आणि त्याला वासही येतो. महिनाभर वापरला की केसांची टोकं फाटून मऊ होतात आणि मग तो खरा कामाला येतो. हे केस पाणी पितात. म्हणून आजोबा चहा प्यायला बसण्याआधी ब्रश मगात उभा करून ठेवत आणि चहा संपला की उचलत. तेवढ्या वेळात तो पाणी पिऊन फुगलेला असे. गालावर फिरवला की खुंट उभे राहत, फेस दाट येई. स्वस्त आणि मजबूत. ही त्याची तारीफ मी मनापासून करते आहे, कारण पुढे त्याच्याविरुद्ध लिहायचं आहे.

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी डोंगराकडच्या वाडीतल्या. तो ब्रश कशाचा आहे हे त्यांना कळलं तेव्हा त्या भांडी घासायची थांबल्या.

"आबा, डुकराचं केस तोंडाला चालत्यात, आन् घरात अंडं आनलं तर बाई येगळं भांडं काढत्यात. ह्ये कुटलं सोवळं म्हनायचं?"

आजोबा म्हणाले, "अंडं पोटात जातं मावशी. ब्रश जात नाही."

"जातो की! रोज दोन-चार केस गळत्यात. मीच झाडते न्हवं?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग आजोबांच्या हृदयाची झडप बदलली, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. ती आता कायमची. तळेगावच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "काका, आता जखम होऊ द्यायची नाही. साधं कापलं तरी रक्त लवकर थांबणार नाही. दाढीला मशीन वापरा, नाहीतर सरळ दाढी वाढवा. छान दिसेल."

आजोबा हसले नाहीत. त्याचं कारण मला माहीत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डबॉयनं त्यांची दाढी केली होती. नियमच असतो. त्यानं काम चांगलं केलं, बोललाही अदबीनं. पण हनुवटी धरून त्यानं यांचा चेहरा एकदा इकडे, एकदा तिकडे वळवला, तेव्हा यांनी डोळे मिटून घेतले. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "हात आहेत ना मला अजून."

तुमच्या बाबांनी दाढीचं मशीन पाठवलं. यांनी ते एकदा गालावरून फिरवलं, "गवत कापायला बरं आहे" म्हणाले आणि खोक्यात परत ठेवून दिलं. रेझर चालूच राहिला. आधी कधी कापलं तर वर्षातून एकदा, आणि त्यावर तुरटी फिरवली की झालं. आता आठवड्यातून एकदा कापायला लागलं. ऑपरेशननंतर उजवा हात थोडा थरथरत होता, आणि सगळंच सावकाश झालं होतं. तुरटीनं आता भागत नव्हतं. कापूस, मग दुसरा कापूस, मग उशीच्या अभ्र्यावर डाग.

त्या दिवसांत सकाळी मी स्वयंपाकघरात उभी असायची, पण कान न्हाणीघराच्या दाराशी. पाण्याचा आवाज. रेझर मगात बुडवल्याचा आवाज. मग ब्लेड खरवडल्याचा. आणि मधेच सगळं थांबलं की माझ्या हातातली कणीक तशीच राहायची. कडी आतून लावलेली. ती लावू नका असं मी एकदा म्हटलं तर म्हणाले, "उद्या म्हणशील दारच काढून ठेवू."

बाबांचा फोन आला की त्यांचं एकच. "आई, ते रेझर कपाटात बंद करून ठेव. भांडतील दोन दिवस, मग ऐकतील."

"ते माझं ऐकतील रे. पण मग घराबाहेर पडणार नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे स्टेशनवर जाऊन बाकावर बसणं बंद होईल. त्यांच्या मित्रांसमोर खुंट वाढवून ते जाणार नाहीत."

बाबांना ते पटलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी निकाल लावला. महिन्याच्या तपासणीला म्हणाले, "पुढच्या वेळी येताना चेहऱ्यावर नवी जखम दिसली तर काका, रेझर बंद. मग मी काकूंनाच जबाबदार धरणार." त्यांनी हे हसत म्हटलं. घरी येताना गाडीत आजोबा खिडकीबाहेर बघत होते आणि मी तो महिना मोजत होते.

श्रावण लागला होता. लोणावळ्यातला पाऊस तुम्ही सुट्टीत येऊन बघितला आहे, पण त्याच्याबरोबर राहिलेला नाहीत. भिंतींना घाम येतो. चपलेवर, पट्ट्यावर, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी चढते. म्हणून इथे घरोघरी कपड्यांच्या कपाटात एक दिवा जळत ठेवतात, जुन्या पद्धतीचा, तापणारा. त्याच्या उबेनं शाली आणि गरम कपडे कोरडे राहतात. आमच्याकडेही तो जूनपासून गणपतीपर्यंत जळतो.

आजोबांच्या ब्रशलाही दर पावसाळ्यात कुबट वास यायचा. त्या वर्षी जास्तच आला. तेव्हा त्यांनी काय करावं? दाढी झाली की ब्रश कपाटात, दिव्याच्या अगदी शेजारी नेऊन ठेवायला सुरुवात केली. वास गेला. ते खूश झाले. इथला कुठलाही माणूस हेच करील. शालीला जे मानवतं ते केसांना का मानवू नये?

पण रोज भिजायचं आणि रोज दिव्याशी तापायचं, यानं केस ठिसूळ झाले. मी बेसिन पुसताना बघितलं तर मुळापासून गळलेले लांब केस नव्हते. बारीक तुटलेली टोकं होती, मिशीला कात्री लावल्यावर पडतात तशी. तशीच दोन टोकं यांच्या गालावर रुतलेली. जी मऊ टोकं फेस धरून ठेवतात तीच तुटून गेली होती. ब्रश पुन्हा राठ झाला होता, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. फेसही विरळ येत होता. आधी आजोबांचा हात चपळ होता, तेव्हा विरळ फेसानंही भागलं असतं. आता एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळून जायचा आणि ब्लेड कोरड्या कातडीवर ओढलं जायचं.

मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आई, हात थरथरतो म्हणून कापतंय. ब्रशचं काय घेऊन बसलीस?" पण चार दिवसांत त्यांनी ऑनलाइन मागवलेला ब्रश दारात आला. सिंथेटिक. पांढरेशुभ्र मऊ तंतू, टोकांना तपकिरी रंग दिलेला, खरे केस वाटावेत म्हणून. किंमत आजोबांच्या नेहमीच्या ब्रशच्या जवळपास दुप्पट. आजोबांनी अंगठ्यानं तंतू मोडून बघितले.

"नायलॉन आहे. दात घासायचा ब्रश मोठा केलाय झालं."

"वापरून बघा एकदा."

"बघतो. तुझा मुलगा ऐकणार थोडाच आहे?"

त्यांनी रविवारी वापरला.

पाऊस लागून होता. मी पोळ्या करत होते. आतून रेझर बेसिनमध्ये पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी दाराशी गेले, "अहो?" म्हटलं. कडी निघाली. आजोबांनी गळ्याशी टॉवेल धरला होता. टॉवेलचा खालचा भाग लाल झाला होता आणि त्यांच्या मनगटावरून पातळ साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. जबड्याच्या खाली, गळ्याच्या उतारावर कापलं होतं. लांब नव्हतं, पण रक्त थेंबाथेंबानं येत नव्हतं. वाहत होतं.

त्यांना खुर्चीत बसवलं. डॉक्टरांना फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. ते म्हणाले, "स्वच्छ कापडाची घडी करा आणि दाबून धरा. श्वास अडेल इतकं नाही, पण घट्ट. आणि काकू, उचलून बघू नका. बघितलंत की पुन्हा सुरू होईल. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. थांबलं नाही तर लगेच इकडे आणा."

दुसऱ्या हातानं मी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या भाईंना फोन केला. ते लगेच आले, रेनकोट घातलेले, दारातच उभे राहिले. खाली पाण्याचं थारोळं झालं.

"काकू, मेन रोड पूर्ण जाम आहे. रविवार आहे ना, सगळ्या गाड्या धरणाकडे चालल्यात. एक चाक हलत नाही. तळेगाव म्हणाल तर हायवेपर्यंतच दुपार होईल."

"मग?"

"तुम्ही म्हणाल तर काढतो. राँग साइडनं घेतो, कोण अडवतं बघू."

निघावं की थांबावं? निघालं आणि मधेच गर्दीत अडकलं तर रिक्षाच्या धक्क्यांनी माझा हात हलणार. थांबलं आणि रक्त थांबलंच नाही तर? मी भाईंना म्हटलं, "थांबा जरा." ते थांबले.

मी कापडाच्या कडेकडे बघत होते. मधला भाग लाल होता, तो बघून उपयोग नव्हता. लाल रंग कडेपर्यंत येतो का एवढंच बघायचं होतं. माझं बोट दुखायला लागलं, मग मनगट. आजोबांना बोलायला मी मना केलं होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. इतक्या जवळून आणि इतका वेळ आम्ही एकमेकांसमोर कधी बसलो असू असं मला वाटत नाही. डाव्या गालावरचा फेस तसाच राहिला होता. तो वाळला, त्याचे पापुद्रे झाले, एकेक शर्टावर पडायला लागले. त्यांनी पुसायला हात वर केला. मी म्हटलं, "हलू नका हो." त्यांनी हात खाली घेतला.

लाल रंग कडेच्या अलीकडे थांबला. मी तरीही दाबूनच धरलं. भाईच पुढे वाकून म्हणाले, "काकू, वाढत नाहीये. मी मघापासून बघतोय."

मग ते जमिनीवर बसलेच. बसल्या बसल्या आजोबांचा चेहरा त्यांनी नीट पाहिला. "काका, अर्धीच राहिली की!"

आजोबांनी हात करून रेझरकडे खूण केली, आणून दे म्हणून. मी नाही म्हटलं. तो सबंध दिवस ते अर्ध्या दाढीनं बसले. दुपारी मित्र खाली हाक मारायला आला तर मला सांगितलं, "झोपलेत म्हण." संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा उजवी बाजू पुढे करून बसले, दाढी झालेली. गळ्यावरची पट्टी त्याच बाजूला होती. ती बाबांना दिसली. पुढे काय बोलणं झालं ते लिहीत नाही. बाबा घाबरले होते, आणि घाबरले की ते ओरडतात. फोन ठेवल्यावर आजोबा म्हणाले, "मंगळवारी डॉक्टर. घे आता बंद करून ते रेझर." ते रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी मी दोन्ही ब्रश घेऊन बेसिनपाशी उभी राहिले. जे बंद करायचं ते कशामुळे हे तरी कळलं पाहिजे, असं मला वाटत होतं. एकेका ब्रशनं एकेक हात कोपरापर्यंत दाढीच्या साबणानं माखला आणि रोजचं स्तोत्र म्हणायला घेतलं. तेवढाच वेळ आजोबांना एका गालाला लागतो हे मी दाराबाहेर उभी राहून शिकले होते. डुकराच्या केसांच्या ब्रशचा फेस स्तोत्र अर्ध्यावर यायच्या आत फुटून वाळला. सिंथेटिक ब्रश मी आजोबांसारखाच मगात भिजत ठेवून, पाण्यानं थबथबलेला उचलला. फेस नव्हताच, साबणाचं पाणी होतं. हातावरून ओघळून तळव्यात आलं आणि तळवा बुळबुळीत झाला. रविवारी रेझरची मूठ त्यांच्या बोटांत का फिरली असेल ते माझ्या लक्षात आलं.

कारण अगदी साधं होतं. केस पाणी पितात आणि फेस करताना हळूहळू सोडतात. हे तंतू पाणी पीत नाहीत. पाणी नुसतं त्यांच्यामध्ये उभं असतं आणि पहिल्या दाबाला सगळं बाहेर येतं. मी ब्रश दोनदा जोरात झटकला आणि पुन्हा साबणावर फिरवला. साबण निम्माच लागला. फेस सायीसारखा आला, आणि स्तोत्र संपलं तरी ओलाच राहिला.

आजोबा दारात उभे होते. कधीपासून कोण जाणे.

"काय चाललंय?"

"दाढी करतेय."

"हाताची?" मग जवळ येऊन त्यांनी फेसात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळून बघितलं. "झटकायचा असतो होय," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण ऊब धरत नाही हा. माझा धरायचा."

ते खरं आहे. गरम पाण्याची ऊब केसांचा ब्रश गालाला देतो, सिंथेटिक देत नाही. तो गालावर स्प्रिंगसारखा उसळतो, जोर दिला तर आरशावर फेस उडवतो, आणि खुंटही तितके उभे करत नाही. मी बाजारातून डुकराच्या केसांचा नवाही आणला. तो अजून राठ होता, आणि तो मऊ होईपर्यंत थांबायला आमच्याकडे महिना नव्हता. बॅजर नावाच्या परदेशी प्राण्याच्या केसांचा मी पुण्यात दुकानात फक्त हाताळला आहे. रेशमासारखा मऊ आहे, आणि किंमत ऐकून मी तो काळजीपूर्वक खाली ठेवला. त्याबद्दल मला सांगता येणार नाही. उरला आमच्या हवेचा प्रश्न. सिंथेटिक झटकून उभा ठेवला की दुपारपर्यंत कोरडा होतो, दिव्याशी न्यावा लागत नाही, वास येत नाही. वर्ष झालं, एक तंतू गळलेला नाही. दुप्पट किंमत पहिल्याच पावसाळ्यात वसूल झाली. तुझ्याकडे हवा कोरडी आहे, तिथे केसांचा ब्रश पुष्कळ टिकेल. पण सकाळी तुला बस गाठायची असते आणि ब्रश भिजत घालायचं तुझ्या लक्षात राहणार नाही, हे मी तुझ्या आईकडून ऐकलं आहे. सिंथेटिक घे. दोनदा झटकून घे.

मंगळवारी डॉक्टरांनी पट्टी काढली, जखम बघितली आणि पेन खाली ठेवलं. मी ब्रशबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, ब्रश कुठलाही असो. काकांचा हात मी बघतोय. गालाला कापलं तर आपण निभावून नेऊ. गळ्यावर मला हा हात नको."

आजोबांनी विचारलं, "म्हणजे गाल चालतील?"

"गाल चालतील. गळा नाही. कुणाकडून तरी करून घ्या."

'कुणाकडून तरी' म्हटल्यावर आजोबांनी डोळे मिटून घेतले. हॉस्पिटलात मिटले होते तसेच. मी करते म्हटलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि एकदा नको म्हटल्यावर मागे येणं त्यांना जमत नाही. गाडीत, जिन्यात, जेवताना, मी गप्प राहिले. घरी गळ्यावरचे खुंट वाढत होते. जखम भरेपर्यंत त्यांना हात लावायचा नव्हताच. ते रोज गालांची दाढी करायचे, नव्या ब्रशनं, आणि खाली पांढरी वाढ तशीच. स्टेशनवर गेले नाहीत. मावशींनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आबा, ह्ये काय, वर कापनी नि खाली पीक उभं?" त्यांनी टॉवेल गळ्याभोवती ओढून घेतला. मावशींनाही काही तरी चुकलंय हे कळलं, त्या गुपचूप फरशी पुसायला लागल्या.

खपली पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. आतला रेझरचा आवाज थांबला. मी थांबले. कडी निघाली.

"जरा ये गं इकडे."

मी हात धुऊन गेले. गाल स्वच्छ झाले होते. गळ्यावर त्यांनी ताजा, दाट फेस लावून ठेवला होता. रेझर मूठ माझ्याकडे करून पुढे धरला होता.

"कातडी आधी ताणून घे. वरून खाली. जोर अजिबात नको, रेझरच्या वजनानं होतं ते."

त्यांनी मान मागे टाकली. ब्लेडखाली नस उडताना मला दिसत होती. पहिला हात फिरवला, रेझर मगात बुडवला, दुसरा फिरवला. फेस वाळला नाही. डोळे त्यांनी उघडेच ठेवले होते, छताकडे. मी पाण्यानं गळा पुसला, टॉवेलवर डाग आला का ते उजेडात नेऊन बघितलं. नव्हता. त्यांनी गळ्यावरून उलटा हात फिरवून पाहिला.

"कानाखाली राहिलंय थोडं."

"उद्या करीन."

"चालेल," ते म्हणाले आणि शर्ट बदलून स्टेशनवर गेले.

तेव्हापासून तसंच चाललं आहे. बाबांना वाटतं की सगळी दाढी मीच करते, आणि आम्ही ते तसंच राहू दिलं आहे. गळा मी करते. गालांची दाढी अजून ते स्वतःच करतात, रोज, स्वतःच्या हातानं.